ऑपरेशननंतर म्हातारं मांजर वेगळं चालायला लागलं तर

दात काढायला, पिशवीचं ऑपरेशन करायला किंवा नुसता एक्स-रे काढायला म्हणून म्हातारं मांजर दवाखान्यात जातं आणि परत आल्यावर त्याची चाल बदललेली दिसते. मागचे पाय ओढतंय, ओट्यावर उडी मारत नाही, जिन्याच्या मधल्याच पायरीवर बसून राहतं. घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, "वय झालंय आता त्याचं." हे वाक्य मला मनापासून खटकतं. वयाने सांधे झिजतात हे खरं, पण ते वर्षानुवर्षं हळूहळू झिजतात. काल सकाळी कठड्यावर चढणारं मांजर आज चढेना, तर मध्ये काहीतरी घडलेलं असतं आणि बहुतेक वेळा ते शोधता येतं. त्यातलं काही आपोआप जातं, काही औषधाने जातं, आणि काही गोष्टींत तासाभराचा उशीरही महागात पडतो.

साताऱ्यात आता घरोघरी दहा-बारा वर्षांच्या पुढची मांजरं दिसतात. पूर्वी मांजर इतकं जगायचंच नाही, त्यामुळे घरातल्या जाणत्या माणसांनाही म्हाताऱ्या मांजराचा अनुभव नसतो. पहिल्यांदाच या वाटेला आलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी धोक्याच्या खुणा

ऑपरेशन कालचं असो की महिन्यापूर्वीचं, पुढच्यापैकी काही दिसलं तर उरलेला लेख नंतर वाचा. फोन लावा आणि निघा.

मागचे दोन्ही पाय एकाएकी लुळे पडले, मांजर जिवाच्या आकांताने ओरडतंय, श्वास जोरात चाललाय. अशा वेळी हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी मागच्या पायांकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या फाट्यावर अडकलेली असू शकते. एक हात पुढच्या पंजाला लावा, दुसरा मागच्या पंजाला. मागचा पंजा गार लागला आणि तळव्याची गादी गुलाबी न दिसता फिकी किंवा निळसर दिसली, तर संशय पक्का समजा. गाद्या काळ्या असतील तर नखाच्या मुळाचा रंग बघा. पाय चोळू नका, शेकू नका. अशा मांजरांना बहुतेक वेळा हृदयाचा आजार आधीपासूनच असतो आणि बाहेरून काही कळलेलं नसतं. भूल, सलाईन आणि दवाखान्याचा ताण यांनी तो उघडा पडतो. सगळी मांजरं यातून वाचत नाहीत. तरीही निघायचंच, कारण त्या असह्य वेदना थांबवणं दवाखान्यात शक्य असतं आणि पुढचा निर्णय डॉक्टरांशी बोलून घेता येतो.

बोका पाठ वर काढून चालतोय, सारखा वाळूत जाऊन बसतोय, पण लघवी होत नाही. हे बघून "कंबर धरली" असं वाटतं. खरं तर मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो. यात दिवसभरात जिवावर बेतू शकतं. नळी घालून एकदा मोकळं केलेल्या बोक्याचा मार्ग पहिल्या काही दिवसांत पुन्हा बंद होऊ शकतो, म्हणून घरी आल्यावर प्रत्येक लघवीकडे लक्ष हवं.

मान उचलली जात नाही, हनुवटी छातीकडे झुकलेली, चाल ताठर. रक्तातलं पोटॅशियम खाली गेल्याची ही ओळखीची खूण आहे. किडनीचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या मांजरांत ती जास्त दिसते. त्याच दिवशी रक्त तपासायला हवं.

भिंतीवर, खुर्चीच्या पायावर धडकतंय आणि उजेडातही बाहुल्या मोठ्या. हा पायांचा प्रश्नच नाही, दिसत नाहीये. वाढलेल्या रक्तदाबाने असं होतं. दातांच्या कामात तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा चिमटा खूप वेळ लावला तर मेंदूकडचा रक्तपुरवठा दबून अंधत्व येऊ शकतं, हेही आता पशुवैद्यकांना माहीत आहे.

तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, किंवा शांत झोपेत मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास पुन्हा पुन्हा मोजले जाणं, हेही याच यादीत.

रात्री कुठे न्यायचं ते दिवसा ठरवा

आपल्या जिल्ह्यात जनावरांच्या डॉक्टरांचा बराचसा दिवस गाई-म्हशी-शेळ्यांत जातो. ते त्यांचं कामच आहे. म्हणून ऑपरेशन ठरवतानाच दोन प्रश्न सरळ विचारा: तुम्ही मांजरांना नेहमी भूल देता का, आणि रात्री किंवा रविवारी काही झालं तर फोन कुणाला करायचा? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.

शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. साताऱ्याहून जाताना खंबाटकीचा बोगदा ओलांडला की महामार्गालगतच शिरवळ लागतं. वाई, खंडाळा, फलटणच्या लोकांना तर ते सोयीचंच. तिथल्या वेळा आणि तपासण्यांची सोय आधी फोन करून विचारून ठेवा. त्यापुढे पुणे, साताऱ्याहून साधारण ११० किलोमीटर. हृदयाची सोनोग्राफी किंवा हाडांचं गुंतागुंतीचं काम असेल तर पुण्याला जावं लागू शकतं, हे मनात असू द्या.

नेताना दुचाकीवर पिशवीत घालून नेऊ नका. दुखऱ्या कंबरेला प्रत्येक खड्डा लागतो. वरून उघडणारी टोपली किंवा कॅरिअर घ्या, तळाशी गोधडीची घडी घाला आणि रिक्षाने जा. वरून उघडणारी टोपली अशासाठी की दवाखान्यात मांजराला पाय धरून ओढावं लागत नाही, अलगद उचलता येतं.

पायरी पहिली: जाण्याआधी चाल टिपून ठेवा

एवढी एक गोष्ट केली तरी पुढची अर्धी ओढाताण वाचते. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मोबाइलवर चार छोटे व्हिडिओ काढा. बाजूने चालताना, मागून चालताना, आवडत्या उंच जागेवर चढताना आणि जिना उतरताना. तुमच्या मांजराची नेहमीची चाल कशी होती, हे डॉक्टरांना दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळत नाही. दवाखान्याच्या टेबलावर मांजर दबा धरून बसतं, चालून दाखवत नाही.

व्हिडिओ नीट बघितलात तर बऱ्याच जणांना एक गोष्ट नव्याने कळेल: मांजर आधीच थोडं अडखळत होतं. १२ वर्षांपुढच्या मांजरांचे एक्स-रे काढले तर बहुतेकांच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज दिसते. कुत्र्यासारखं ते लंगडत नाही, म्हणून लक्षात येत नाही. ते उडी मारण्याआधी थांबतं, मागचं अंग दोनदा हलवून अंदाज घेतं, पुढच्या पंजांनी स्वतःला वर ओढतं, जिना चढताना मागचे दोन्ही पाय एकदम टाकतं. कंबरेवरच्या केसांच्या गुठळ्या होतात, कारण तिथवर वळून चाटता येत नाही. ही झीज आधीपासून असेल तर डॉक्टरांना सांगा. भुलेत स्नायू सैल पडतात, सांध्यांना नेहमीचा आधार राहत नाही. अशा वेळी पाय ताणून बांधले किंवा अंग एकाच बाजूवर खूप वेळ राहिलं, तर उठल्यावर जुनं दुखणं उसळतं. टेबलावर गादी घालणं आणि पाय हलक्या हाताने हाताळणं हे साधे उपाय आहेत, पण ते सुचायला आधी माहिती हवी.

वजनही लिहून ठेवा. तान्ह्या बाळाचा काटा मिळाला तर उत्तम. चार किलोच्या मांजराचं २०० ग्रॅम वजन कमी होणं म्हणजे वीसावा भाग गेला. घरच्या माणसांच्या काट्यावर इतका फरक धड कळत नाही.

भुलेआधी रक्ताची तपासणी होते का ते विचारा. किडनी, साखर आणि पोटॅशियम, एवढं तरी म्हाताऱ्या मांजराचं बघायलाच हवं. हृदयाची धडधड वेगळी ऐकू येते का आणि रक्तदाब मोजता येईल का, हेही विचारा.

पायरी दुसरी: घरी आल्यावरची पहिली रात्र

एक खोली रिकामी करा. पलंग, टेबल, खिडकीची फळी, जिथे जिथे उडी मारता येते ते सगळं बंद. अर्धवट शुद्धीत मांजर नेमकं उंच जागी जायला बघतं आणि पडतं. ऑपरेशन नीट झालं आणि पाय घरी येऊन मोडला, असं होऊ देऊ नका.

पहिल्या संध्याकाळी झोकांड्या जाणं, डोकं डुलणं, बाहुल्या मोठ्या दिसणं हे अपेक्षित आहे. म्हाताऱ्या मांजराची किडनी आणि यकृत औषध बाहेर टाकायला जास्त वेळ घेतात, त्यामुळे तरुण मांजरापेक्षा उशीर लागतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते सरळ चालायला हवं. चोवीस तासांनीही झोकांड्या तशाच असतील तर फोन करा.

ऊब द्या. साताऱ्याची डिसेंबर-जानेवारीची रात्र गार असते आणि भुलेतून उठलेल्या मांजराला अंगाची उष्णता राखता येत नाही. गरम पाण्याची पिशवी द्यायची तर जाड टॉवेलात गुंडाळून, अंगाशेजारी, आणि सरकायला मोकळी जागा ठेवून. गुंगीत मांजर चटक्यापासून बाजूला होत नाही. पाणी आणि चमचाभर खाणं ते पूर्ण जागं झाल्यावरच द्या.

पुढच्या पायाला सलाईनची सुई लावलेल्या जागी पट्टी असते. ती किती वाजता काढायची ते विचारून घ्या आणि त्या वेळेला काढाच. पट्टी घट्ट असेल तर पंजा सुजतो, बोटं फाकतात, मांजर पाय टेकवत नाही. लोक पाय मोडला म्हणून घाबरतात आणि दोष त्या चिकटपट्टीचा असतो.

गळ्यातली कॉलरही फसवते. कॉलर घातलेली बरीच मांजरं मागे मागे सरकतात, जमिनीसरशी चालतात, नाहीतर आडवी पडून उठतच नाहीत. टाके झाकायला अंगात कापडी झबलं घातलं तरी तसंच. तुम्ही समोर बसून पाच मिनिटं कॉलर काढा आणि चाल बघा. नीट चालली तर चिंता मिटली. कॉलर पुन्हा घाला.

पायरी तिसरी: बदल कधीपासून आहे ते ठरवा

माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग याच पायरीचा होतो. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि "परवापासून बहुतेक" या उत्तरातून फार काही हाती लागत नाही.

दवाखान्यातून आल्याआल्याच एक मागचा पाय लटका आहे, पंजा उलटा वळतोय, आणि त्याच मांडीत इंजेक्शन दिलेलं आहे? मांडीच्या मागच्या बाजूने एक मोठी नस जाते. सुई किंवा औषध तिच्याजवळ गेलं तर पाय असा पडू शकतो. बऱ्याच मांजरांत काही आठवड्यांत सुधारणा होते, पण तोवर उलटा पंजा फरशीवर घासून जखम होते, म्हणून लवकर दाखवायचं. इंजेक्शन कुठे दिलं हे डॉक्टरांना विचारण्यात भांडणाचं काही नाही.

लस दिल्यावर एक-दोन दिवस मांजर सुस्त राहिलं, तो पाय जपून टाकला, तर ते बहुधा आपोआप जातं. मात्र लसीच्या जागी गाठ आली तर तारीख लिहून ठेवा. तीन महिन्यांनीही गाठ आहे, ती दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे, किंवा महिना उलटल्यावरही वाढते आहे, यातलं एकही खरं असेल तर तिचा तुकडा तपासायला हवा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चाल बिघडली तर आधी वेदनेचा विचार करा. दवाखान्यात दिलेल्या इंजेक्शनचा परिणाम तोवर उतरलेला असतो. मांजर ओरडत नाही, कोपऱ्यात जाऊन बसतं. त्याचा चेहरा वाचायला शिका. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये 'फेलाइन ग्रिमेस स्केल' प्रसिद्ध केली. तीत कान, डोळे, तोंडाभोवतीचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण अशा पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. कान बाहेरच्या बाजूला वळलेले, डोळे अर्धवट मिटलेले, मिशा ताठ पुढे आलेल्या, डोकं खांद्याच्या खाली. एकूण १० पैकी ४ किंवा जास्त गुण झाले तर वेदनाशामक द्यायची गरज आहे असं धरतात. मांजर झोपलेलं, खात असलेलं किंवा अंग चाटत असलेलं नको, जागं आणि स्वस्थ असताना बघायचं.

याच दिवसांत उलटंही होतं. डॉक्टरांनी गॅबापेंटिन हे दुखण्यावरचं, गुंगी आणणारं औषध दिलेलं असतं आणि मांजर त्यानेच झुलतं. औषध दिल्यावर दोन-तीन तासांनी झोकांड्या जातात आणि पुढच्या डोसाआधी चाल बरी असते, असा मेळ दिसला तर डॉक्टरांना सांगा. किडनी कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. बरेच दिवस चालू असलेलं गॅबापेंटिन स्वतःहून एकदम बंद करू नका.

काही आठवड्यांनी मागचे पाय टाचेवर टेकवून चालायला लागलं तर? निरोगी मांजर बोटांवर चालतं. टाच जमिनीला लागणं ही मधुमेहाने नसा दुखावल्याची खूण असू शकते. सोबत पाणी जास्त पितंय, लघवीचे ढिगारे मोठे झालेत, खातंय पण वाळतंय, असं असेल तर साखर तपासा. खाजेसाठी किंवा तोंडाच्या सुजेसाठी महिनाभर टिकणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन वारंवार घेतलेल्या मांजरांत मधुमेह होऊ शकतो. म्हणून दवाखान्यातून निघताना कुठली इंजेक्शनं दिली त्यांची नावं कागदावर लिहून घ्या. साखर वेळेत ताब्यात आली तर चाल सुधारू शकते.

आणि जे बदल महिनोन्‌महिने हळूच येत होते, ते ऑपरेशननंतर आपण लक्ष देऊन बघायला लागतो म्हणून पहिल्यांदा दिसतात. तिथे ते आधीचे व्हिडिओ कामी येतात.

पायरी चौथी: हात लावून बघा, नखांपासून सुरुवात

आमच्या शनिवार पेठेतल्या घरी मनी आहे, १४ वर्षांची, तिरंगी. दाढ काढून आणल्यावर ती डावा पुढचा पाय टेकवताना दचकायची. सुई उजव्या पायाला लावलेली होती, त्यामुळे पट्टीचा संबंध नव्हता. बोटं दाबून बघताना आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख दिसलं. ते गोल वळून त्याची टोकदार कड गादीत रुतलेली, भोवती ओलसर लाल कडा. म्हातारी मांजरं खांब ओरखडत नाहीत, नखाचं जुनं कवच गळून पडत नाही, नख जाड होत वळत जातं. अंगठा जमिनीला टेकत नसल्याने त्याचं नख तर झिजतच नाही. नख कापल्यावर आणि जखम धुऊन घेतल्यावर तिचं दचकणं थांबलं.

म्हणून आधी सगळी नखं, मग गाद्या, मग बोटांच्या मधली जागा. त्यानंतर पाय वरपर्यंत हलक्या हाताने चाचपा, दोन्ही बाजूंची तुलना करत. एक मांडी दुसरीपेक्षा बारीक लागते का? कंबरेवरून हात फिरवताना एका ठराविक जागी कातडी थरथरते किंवा मांजर खाली बसतं का? सांधे वाकवून, ताणून बघू नका, ते डॉक्टरांचं काम. मांजराने फुसकारलं की थांबायचं.

पायरी पाचवी: घर जमिनीवर आणा

अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या घरांना दारातच पायऱ्या. जुन्या पेठांतले जिने उभे. नव्या फ्लॅटमध्ये चकचकीत टाइल्स. तिन्ही ठिकाणी म्हाताऱ्या मांजराची परीक्षाच. टाइल्सवर मागचे पाय फाकतात, आणि एकदा पाय घसरला की मांजर त्या वाटेने जायचं टाळतं. झोपायच्या जागेपासून खाण्याच्या भांड्यापर्यंत आणि वाळूपर्यंत सतरंजी, गोणपाट किंवा योगाची चटई टाका. कडा उचलल्या जात नाहीत एवढं बघा, नाहीतर नख अडकतं.

वाळूसाठी बऱ्याच घरांत घमेलं वापरतात. त्याची कड म्हाताऱ्या मांजराला उंच पडते. ते कडेवर पोट टेकवून आत जातं, किंवा जातच नाही आणि शेजारी घाण करतं. मग त्याला मार बसतो, आणि मार बसायचं काहीच कारण नसतं. एका बाजूने तीन बोटं उंचीचा पसरट ट्रे ठेवा. टाके असतील तेव्हा बारीक वाळू किंवा राख नको, ती जखमेला चिकटते. फाडलेला कागद चालतो. दुमजली घर असेल तर दोन्ही मजल्यांवर एकेक ट्रे. आणि शी होते का तेही बघा. मागचे पाय दुखत असले की नीट बसता येत नाही, मग बद्धकोष्ठ होतो आणि चाल आणखी आखडते.

उंच जागा कायमच्या बंद करू नका. खिडकीत बसणं हा मांजराचा आनंद आहे, आणि म्हातारपणी उरलेल्या थोड्या आनंदांपैकी तो एक. खिडकीखाली आधी पाट, मग चौरंग, मग खुर्ची, अशी चढण लावून द्या. उतरताना पुढच्या पायांवर सगळा भार येतो, म्हणून खालच्या टप्प्यावर जाड गोधडी घाला. अन्नाचं भांडं विटेएवढ्या उंचीवर ठेवलं तर मान आणि कोपरं वाकवावी लागत नाहीत.

ऑपरेशन कुठलं, यावर हालचाल किती द्यायची ते ठरतं. हाडाला धातूची पट्टी किंवा सळई बसवली असेल तर सांगितलेले आठवडे पिंजऱ्यात किंवा छोट्या खोलीत विश्रांती हवीच. खुब्याच्या हाडाचा गोळा काढला असेल तर उलट लवकर पाय वापरायला लावतात, नाहीतर स्नायू आखडतात. दात, पिशवी, गाठ अशा कामांनंतर उड्या बंद, पण जमिनीवर चालणं चालू. म्हाताऱ्या मांजराचा स्नायू फार लवकर झडतो आणि परत यायला खूप वेळ घेतो. त्याला दिवसभर कोंडून ठेवण्यापेक्षा खाण्याचे चार घास खोलीच्या चार कोपऱ्यांत ठेवा. तेवढं फिरणं पुरतं.

पायरी सहावी: औषधं, आणि घरात हाताशी असलेली विषं

मांजराला पॅरासिटामॉल देऊ नये. अर्धी गोळीही नको. क्रोसिन, डोलो ही त्याचीच नावं, आणि कॉम्बिफ्लाममध्ये त्याच्यासोबत आयब्युप्रोफेनही असतं, तेही मांजराला घातक. पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात पुरेशी नसते. रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. एका गोळीने मांजर मरू शकतं. चुकून पोटात गेलीच तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा आणि गोळीचं पाकीट सोबत न्या.

बाम, निलगिरीचं तेल, कापूर घातलेलं तेल सांध्याला चोळू नका. मांजर चाटून ते सगळं पोटात घेतं. आजोबांच्या गुडघ्याला लावलेलं वेदनाशामक जेलही मांजराने चाटू नये, त्या मांडीवर ते झोपत असेल तर मध्ये चादर हवी. पायाला बिब्बा लावा, डाग द्या असं सांगणारे अजूनही भेटतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणा. भाजल्याने मूळ दुखणं जात नाही, वर एक जखम वाढते. कुत्र्याच्या गोचिडांचं मानेवर टाकायचं औषध मांजराला लावू नका. त्यातल्या परमेथ्रिनने मांजराला कंप सुटतो, झटके येतात आणि जीव जाऊ शकतो.

मेलॉक्सिकॅम हे वेदना आणि सूज कमी करणारं औषध मांजरांना देतात, पण फार कमी मात्रेत आणि किडनी बघून. कुत्र्यासाठी आणलेलं सिरप अंदाजाने द्यायचं नाही. मांजर खात-पीत नसेल किंवा उलट्या होत असतील तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन करा. स्टेरॉइड चालू असताना हे औषध दिलं तर पोटात व्रण होऊ शकतात, म्हणून आधीचे सगळे कागद दाखवा.

खाण्यावर डोळा ठेवा. पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना कळवा. अंगाने जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडतं. बिनमिठाचं, कांदा-लसूण न घातलेलं उकडलेलं चिकन कोमट करून दिलं की वासाने बरीच मांजरं तोंड लावतात.

पायरी सातवी: पुढचे दोन महिने

आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच फरशीवर पुन्हा व्हिडिओ काढा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, दोन व्हिडिओ शेजारी ठेवले की कळतो. वजन दोन आठवड्यांनी. एका वहीत चारच गोष्टी लिहा: उडी, जिना, वाळू, खाणं.

पहिल्या आठवड्यानंतर चाल दर आठवड्याला थोडी तरी सुधारायला हवी. दोन आठवडे जागच्या जागी असेल तर परत दाखवा. आधी सुधारून मग खाली गेली तर दोन आठवडेही थांबू नका. जाताना वही, जुना-नवा व्हिडिओ आणि दिलेल्या औषधांची यादी न्या आणि स्पष्ट विचारा: हे सांध्याचं आहे, नसेचं आहे, की रक्तातल्या कशाचं? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. सांध्याचं ठरलं तर दीर्घकाळ द्यायची औषधं, वजन आवाक्यात ठेवणं आणि घरातली सोय यांनी मांजर पुष्कळ मोकळं होतं. वेदनाशामक चालू झाल्यावर "पुन्हा खिडकीत बसायला लागली" असं सांगणारी माणसं मला बऱ्याचदा भेटतात. अशा मांजराची किडनी, साखर आणि रक्तदाब दर सहा महिन्यांनी बघायचा, आणि औषधाची मात्रा त्या आकड्यांवरून डॉक्टरांनीच बदलायची. पुढे पुन्हा कधी भूल द्यावी लागली तर हीच वही आणि हेच व्हिडिओ टेबलावर ठेवायचे, मागच्या वेळी शुद्धीवर यायला किती वेळ लागला होता त्या नोंदीसकट.